तीच बटणं, दोन उत्तरं: लॉगचा बेस बदलताना कॅल्सी गंडतो का?

विश्रामबागवाला

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात काल रात्रीपासून दोन पार्ट्या पडल्यात.

लेक डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. जेवणं झाल्यावर गणितातलं एक उदाहरण घेऊन आली. २०० चा लॉग, बेस ५, म्हणजे ५ चा कितवा घात केला की २०० येतात. मला एवढंच आठवत होतं की वर २०० चा लॉग, खाली ५ चा लॉग, भागाकार केला की झालं. तेच सांगितलं. तिनं तिच्या नव्या कॅल्सीवर दाबलं: लॉग, २००, भागिले, लॉग, ५, बरोबर. उत्तर २.४५६६.

मला ते काही पटेना. ५ चा घन १२५, चौथा घात ६२५. २०० या दोघांच्या मधे आहे, म्हणजे उत्तर तीन पूर्णांक कायतरी यायला पाहिजे. उठलो, कपाटातनं माझा २००४ सालचा कॅल्सी काढला. झाकणाला रबर लावलाय, ७ चं बटण दोनदा दाबावं लागतं, पण चालतो. त्याच्यावर तीच बटणं त्याच क्रमानं दाबली. ३.२९२०.

लेक म्हणाली, पप्पा तुमचा म्हातारा झालाय. मी म्हणालो, तुझा डुप्लिकेट असेल. मंडळी आतनं म्हणाल्या, लाईट घालवा आणि झोपा दोघं.

तर (१) तीच बटणं दाबून दोन उत्तरं का? (२) कॅल्सीवर लॉग (बेस १०) आणि एलएन (नैसर्गिक लॉग, बेस ई म्हणजे २.७१८...) अशी दोनच बटणं असताना बेस २, ५, ७ वगैरे काढायची खात्रीची पद्धत कोणती?

भडंग

सेल गेला असेल ओ. बदलून बघा.

आळशी कोडर

कॅल्सी डिग्रीत आहे की रेडियनमधे ते बघा. माझं पहिलं वर्ष याच्यातच गेलं होतं.

निवृत्त मास्तर

कोडर, डिग्री आणि रेडियन हे साइन, कोसाइनवाल्यांचं दुखणं. लॉगला कोनाशी काही देणंघेणं नाही. मोड कोणताही ठेवा, २०० चा लॉग २.३०१०३ च येणार.

विश्रामबागवाले, एक काम करा. मुलीच्या कॅल्सीवर फक्त लॉगचं बटण दाबा आणि स्क्रीनवर काय उमटतं ते जसंच्या तसं इथं लिहा. मग तुमच्या जुन्यावर तेच करा.

भडंग

मास्तरांनी नाडी धरली. आता औषध येणार.

विश्रामबागवाला

सर, बघितलं. माझ्यावर नुसतं 'लॉग' येतं. तिच्यावर 'लॉग' आणि पुढं एक कंस उघडलेला येतो. मी तो नुसता शोभेचा समजत होतो.

निवृत्त मास्तर

सापडलं. दोन्ही कॅल्सी शहाणे आहेत, भानगड त्या कंसाची आहे.

तुमचा जुना कॅसिओच्या एमएस मालिकेतला दिसतो. त्याच्यावर लॉग दाबून २०० लिहिलं की लॉग फक्त त्या २०० ला चिकटतो. पुढं भागिले आलं की लॉगचं काम संपलं. मुलीचा त्यांच्याच नंतरच्या ईएस मालिकेतला असणार. तो लॉगबरोबर कंस स्वतः उघडतो, पण बंद तुम्ही करायचा. तुम्ही केला नाहीत. म्हणून त्याने वाचलं ते असं:

लॉग(२०० ÷ लॉग(५))

म्हणजे आधी २०० ला ०.६९८९७ ने भागलं, २८६.१३५ आले, आणि त्याचा लॉग घेतला. तो २.४५६६. शेवटचे राहिलेले कंस तो 'बरोबर' दाबल्यावर मुकाट्याने बंद करतो, त्यामुळे एररसुद्धा येत नाही. घोटाळा इथेच आहे. एरर आली असती तर माणूस थांबला असता.

मुलीला सांगा: लॉग, २००, कंस बंद, भागिले, लॉग, ५, कंस बंद. ३.२९२० येईल.

आमच्या वेळी तर याहून जुने होते. त्याच्यावर आधी आकडा लिहायचा आणि मग लॉग दाबायचा, २०० लॉग भागिले ५ लॉग. तिथे कंसाचा प्रश्नच नव्हता. एका वर्गात तिन्ही पिढ्यांचे कॅल्सी असायचे आणि फळ्यावर 'आता लॉग दाबा' म्हटलं की तीन प्रकारची उत्तरं यायची.

विश्रामबागवाला

आलं सर, ३.२९२०. दोन्हींवर तेच. लेक जिंकली असं तिचं म्हणणं, मी जिंकलो असं माझं.

पण आता तिनंच विचारलंय की भागाकारच का? ५०० रुपयांचे मार्क मिळतील म्हणून पाठ करायचं का?

भडंग

५०० रुपयांचे मार्क कुठं मिळतात ते खासगी निरोपात कळवा.

निवृत्त मास्तर

पाठ करू नये. दोन ओळींचं काम आहे. उत्तर क्ष धरा. म्हणजे ५ चा क्ष वा घात २००. दोन्ही बाजूंचा लॉग घ्या. घात पुढे उतरतो: क्ष गुणिले लॉग ५ बरोबर लॉग २००. क्ष एकटा ठेवला की खाली लॉग ५ गेला.

हे झालं पुस्तकातलं. सांगलीत शिकवताना मी मार्केट यार्डाचं उदाहरण द्यायचो. काट्यावर हळदीची गाडी लागली. सगळ्या मालाचं वजन माहीत, एका पोत्याचं वजन माहीत. पोती किती? भागाकार. लॉग म्हणजे त्या आकड्याचं वजन. ५ ने एकदा गुणलं की ०.६९८९७ एवढं वजन वाढतं, म्हणजे एक पोतं चढलं. २०० चं वजन २.३०१०३. तर ५ ची पोती ३.२९२.

आता वजन किलोत केलं काय आणि मणात केलं काय, पोत्यांची संख्या बदलते का? नाही. म्हणूनच लॉगऐवजी एलएन वापरला तरी चालतो. एलएन २०० म्हणजे ५.२९८३, एलएन ५ म्हणजे १.६०९४, भागाकार पुन्हा ३.२९२०. अट एकच, माल आणि पोतं एकाच काट्यावर तोला. वर लॉग आणि खाली एलएन दाबलंत तर १.४२९७ येईल आणि यार्डात भांडण होईल.

आणखी एक चूक दरवर्षी ठरलेली. काही मुलं भागाकार आत नेतात, लॉग(२०० ÷ ५). तो झाला ४० चा लॉग, १.६०२१. ते लॉगची वजाबाकी करणं झालं. गाडीच्या वजनातून एक पोतं उतरवलं, पोती मोजली नाहीत.

उसाचा पेरा

मास्तर, दंडवत. दहावीनंतर तीस वर्षांनी लॉग कळला. आमच्या सरांनी छडीनं शिकवला होता.

शेवंती

सगळे जुन्या वाटेनं चाललेत म्हणून सांगते. ईएस मालिकेत वेगळ्या बेससाठी स्वतंत्र बटण असतं. लॉग लिहिलेलं, खाली एक छोटा चौकोन आणि शेजारी मोठा चौकोन. छोट्यात बेस, मोठ्यात आकडा. गणिती डिस्प्ले लावलेला असेल तर पुस्तकात छापल्यासारखं दिसतं.

ते नाही वापरलं तरी साध्या लॉगच्या कंसात दोन आकडे स्वल्पविराम देऊन लिहिता येतात: लॉग(५,२००). स्वल्पविराम शिफ्ट आणि कंस बंद या बटणावर आहे. आधी बेस, मग आकडा. बेस लिहिलाच नाही तर तो १० धरतो.

पण सावध. एक्सेलमधे उलटं आहे. तिथे आधी आकडा आणि मग बेस. मी प्रॅक्टिकल घेते, निम्मी मुलं कॅल्सीवरनं एक्सेलवर आली की उलटंपालटं करतात आणि ३.२९२ च्या जागी ०.३०३८ लिहून आणतात. ते आकडे एकमेकांचे व्यस्त आहेत, गुणाकार केला की १ येतो. त्यामुळे पोरानं काय केलंय ते लांबनंच कळतं.

विश्रामबागवाला

अहो ते दोन चौकोनांचं बटण निघालं की! वरून तिसऱ्या की चौथ्या ओळीत, सहा महिने डोळ्यासमोर. लेक म्हणते, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही, मला वाटलं ते मोठ्या वर्गांचं आहे."

आळशी कोडर

माहितीपुस्तिका खोक्यातच राहते. ती घडी एकदा उघडली की परत तशी घालता येत नाही, म्हणून कुणी उघडत नाही.

कंदी पेढा

साताऱ्याहून नमस्कार. हे सगळं डिप्लोमावाल्यांना ठीक. आमचा चिरंजीव बारावी सायन्सला आहे, बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. कॅल्सीवर बटणं दाबायची सवय लागली की परीक्षेत हात थरथरतात. मी तर घरातला कॅल्सी लपवून ठेवलाय.

आळशी कोडर

आणि २०२० नंतरच्या जगात पोरांना लॉग टेबल बघायला लावणं म्हणजे मोटेनं पाणी ओढायला लावण्यासारखं आहे. बोर्डानं एकदाचं बंद करावं.

निवृत्त मास्तर

कोडर, अर्धवट सहमत. आकडेमोड म्हणून लॉग टेबलाचे दिवस गेले. १९७२ साली एचपी-३५ नावाचा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच इंजिनिअरांच्या हातातल्या स्लाइड रूल (लॉगवर चालणाऱ्या सरकत्या पट्ट्या) पेट्यांत गेल्या. पण टेबलातून मुलाला आकड्याचा अंदाज येतो, तो कॅल्सीतून येत नाही. वर विश्रामबागवाल्यांना '५ चा घन १२५, चौथा घात ६२५' हे सुचलं म्हणून चूक सापडली. मुलीने २.४५६६ लिहून पुढचं उदाहरण घेतलं असतं.

कंदी पेढा, लपवू नका. दोन्ही शेजारी ठेवून बसवा, पण एक गाठ आधी सोडवून द्या. ०.०५ चा लॉग टेबलातून काढला की मुलगा लिहितो '२ बार .६९९०'. कॅल्सी दाखवतो −१.३०१०. मुलगा घाबरतो. दोन्ही एकच आहेत. बार फक्त २ वर आहे: उणे २ अधिक ०.६९९०. करा बेरीज. टेबलात अपूर्णांश कायम धन ठेवायचा असतो म्हणून ही कसरत, कॅल्सीला ती गरज नाही. आणि अँटीलॉगचं वेगळं बटण शोधत बसू नये, शिफ्ट लॉग म्हणजे १० चा घात, तोच अँटीलॉग.

केमिस्ट्रीत जिथेतिथे २.३०३ येतो ना, तोही या धाग्याचाच पाहुणा आहे. एलएन १० म्हणजे २.३०२६. सूत्र मुळात एलएनचं असतं, टेबल १० च्या बेसचं असतं, म्हणून तो आकडा मधे घालतात. किलोचे मण करण्याचा दर.

शेवंती

२.३०३ चं हे मला बारावीत कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

उसाचा पेरा

+१. मी तो निसर्गाचा स्थिरांक समजत होतो.

तालीम

आमचा बेस २ चा अनुभव. गावच्या जत्रेत बाद पद्धतीनं कुस्त्या लावायच्या होत्या, १०० पैलवान. पंचांनी विचारलं, किती फेऱ्या धरायच्या? भाचा इंजिनिअरिंगला, त्यानं मोबाइल आडवा धरला, लॉग १०० भागिले लॉग २ केलं, आणि म्हणाला ६.६४. पंच म्हणाले, ती ०.६४ फेरी कशी लढवायची रे बाबा? लंगोट बांधायचा आणि सोडायचा?

भडंग

हसून हसून पुरेवाट. ०.६४ म्हणजे पैलवान चित झाला, पण पाठ पूर्ण टेकली नाही.

निवृत्त मास्तर

वरचा पूर्णांक घ्यायचा, ७. १२८ ला बरोबर ७ फेऱ्या लागतात. १०० असतील तर पहिल्या फेरीत २८ जणांना बाय, म्हणजे न लढता पुढची फेरी, द्यावा लागेल. आणि एकूण कुस्त्या विचारल्या असत्या तर लॉगची गरजच नाही. प्रत्येक कुस्तीत एक बाद, शेवटी एक उरतो, म्हणून ९९.

तालीम

२८ बाय दिले असते तर ७२ जणांनी मांडव उपटला असता मास्तर. शेवटी निकाली लावल्या.

लिमलेट

मला एकदाच उपयोग झालाय. ठेव ७ टक्क्यांनी, वर्षाला चक्रवाढ, दुप्पट कधी? लॉग २ भागिले लॉग १.०७. १०.२४ वर्षं. सासरे तोंडी म्हणाले "बहात्तरला सातानं भाग", १०.२९. आणि चहा प्यायला गेले.

कोयनाकाठ

पाटण तालुक्यातून. आमच्याकडे लॉग लहानपणापासून पायाखाली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. आजी सांगायची की आधी भांडी वाजली, मग भिंत आली. ते ६ च्या पुढचं माप. आणि नंतर ३ चा, ४ चा धक्का बसला की आम्ही कूस बदलून झोपायचो. लोकांना वाटतं ३ आणि ६ म्हणजे दुप्पट.

उसाचा पेरा

एक अंक वाढला की दसपट ना? म्हणजे ३ चा ६ झाला की हजारपट.

कोयनाकाठ

हजारपट जमिनीच्या हेलकाव्यात. ऊर्जेत एका अंकाला साधारण ३२ पट, कारण तिथे १० चा दीड वा घात येतो, ३१.६. तीन अंकांना ३१.६ चा घन म्हणजे सुमारे ३१,६००. कॅल्सीवर १० चा ४.५ वा घात दाबून बघा.

भडंग

मग गणपतीतल्या डीजेचं पण हेच का? आमच्या मंडळानं मागं भिंत दुप्पट केली, चार बॉक्सच्या जागी आठ. वर्गणी पण दुप्पट. आवाज काय दुप्पट वाटेना.

शेवंती

डेसिबल म्हणजे १० गुणिले लॉग. ताकद दुप्पट केली की १० गुणिले लॉग २, म्हणजे फक्त ३ डेसिबल वाढतात. १० डेसिबल वाढवायचे तर बॉक्स दसपट पाहिजेत. वर्गणीचं तुम्ही बघा.

भडंग

हे अध्यक्षांना दाखवत नाही. चाळीस बॉक्स आणतील.

मिरजेची तार

धागा वाचत होतो, बेस २ आला म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

आमचं घर मिरजेतलं, सतार-तंबोऱ्याच्या गल्लीतलं. पंढरपूरकडून आलेले भोपळे माळ्यावर वाळत ठेवलेले असायचे, त्यांच्या खाली बसून मी अभ्यास केला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मधे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. वडिलांनी उभ्या आयुष्यात कॅल्सी हातात धरला नाही, पण ते दिवसभर लॉगच लावत होते असं मला आता वाटतं.

हल्ली गिऱ्हाईक येतं ते मोबाइलमधे ट्यूनर घेऊन. तंबोरा जुळवला की फोन जवारीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीजवळ, धरतात आणि म्हणतात, "काका, पंचम दोननं चढा आहे." वडील ऐकतात, तार परत छेडतात, म्हणतात, "चढा नाही, बरोबर आहे." पहिल्यांदा मलाही वाटलं म्हातारे अडून बसलेत. मग कागद घेऊन बसलो.

षड्जाच्या दीडपट कंपनसंख्या म्हणजे पंचम. ट्यूनर सप्तकाचे १२०० सारखे भाग करतो, त्याला सेंट म्हणतात. सप्तक म्हणजे दुप्पट, म्हणून बेस २. तर पंचम किती सेंटवर? १२०० गुणिले १.५ चा लॉग बेस २. माझ्या कॅल्सीवर चौकोनाचं बटण नाही, म्हणून १२०० × लॉग(१.५) ÷ लॉग(२). ०.१७६०९ ला ०.३०१०३ ने भागलं, ०.५८४९६. गुणिले १२०० म्हणजे ७०१.९६. पेटीच्या पट्ट्या सारख्या बारा भागांत लावलेल्या, प्रत्येकी १०० सेंट, तिचा पंचम ७०० वर. ट्यूनर पेटीच्या हिशेबानं बोलत होता, वडील दीडपटीच्या. ते दोन म्हणजे हे दोन.

गंधार काढलात तर आणखी मजा आहे. शुद्ध गंधार सव्वापट. १.२५ टाका, ३८६.३ येतात. पेटीवर ४००. जवळजवळ १४ चा फरक. तंबोऱ्यातनं जो गंधार आपोआप ऐकू येतो तो हा ३८६ वाला. म्हणून जुने गवई पेटीवर नाक मुरडायचे.

हा वाद आपल्याकडं जुना आहे. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांची, मोजमापं मांडून १९१० साली पुस्तक काढलं. त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना मदत केली होती. खाँसाहेब नंतर मिरजेत राहिले. त्या मोजमापांवर पुढं पुष्कळ टीका झाली, तो वेगळा विषय. पण आपल्या भागात कुणीतरी शंभरावर वर्षांपूर्वी स्वरांचे आकडे मांडत बसलं होतं याचं मला भारी वाटतं.

निवृत्त मास्तर

तार, अप्रतिम. मी चाळीस वर्षं लॉग शिकवला आणि हे उदाहरण कधी दिलं नाही.

तुम्ही जुन्याची आठवण काढलीत म्हणून एक अवांतर. स्कॉटलंडच्या नेपियरने १६१४ मधे लॉग छापले तेव्हा त्यांना १० चा बेस नव्हता. लंडनचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज पुढच्याच वर्षी त्याला भेटायला एडिंबरोला गेला, आणि १ चा लॉग शून्य ठेवून १० ला पाया धरावा असं त्या दोघांच्या बोलण्यातून ठरलं. नेपियर १६१७ मधे वारला. ब्रिग्जने १६२४ मधे १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या आकड्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत छापले. हाताने. आपल्याला एक कंस बंद करायचा कंटाळा.

आळशी कोडर

मास्तर, टोमणा पोचला. म्हणून माझी एक चूक कबूल करतो.

प्रोग्रामिंगच्या बहुतेक भाषांत नुसतं लॉग म्हटलं की तो एलएन असतो, १० वाला नाही. हे मला माहीत होतं, म्हणून पायथॉनमधे शहाणपणानं बेस दिला: १००० चा लॉग, बेस १०. मला आकड्यात किती अंक आहेत ते हवं होतं, म्हणजे पूर्णांक भाग घ्यायचा आणि १ मिळवायचा. १००० ला चार यायला पाहिजेत, तीन आले. अर्धा दिवस घालवला. शेवटी उत्तर छापून बघितलं तर २.९९९९९९९९९९९९९९९६. तोही आतमधे मास्तरांचाच भागाकार करतो, एलएन भागिले एलएन, आणि शेवटच्या अंकात किंचित घसरतो. पूर्णांक भाग घेतला की २. बेस १० साठी वेगळं फंक्शन आहे ते वापरलं की सरळ ३ येतात.

कंदी पेढा

म्हणजे कॉम्प्युटरला पण पूर्णांश नीट काढता येत नाही. आमचा चिरंजीव एकटा नाही तर.

विश्रामबागवाला

मंडळी, नवीन भानगड. वरचे सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. तिनं कंसाची बाजू घेतली, मी म्हणालो माझ्या जुन्याला कंस लागतच नाही, तोच भारी. मग तिनं मुद्दाम पुढचं उदाहरण काढलं. ८ चा लॉग, बेस १/२.

मी ऐटीत दाबलं: लॉग ८ भागिले लॉग १ भागिले २. स्क्रीनवर मॅथ एरर. परत दाबलं. मॅथ एरर. लेक हसतीय.

तिनं तिच्यावर लॉग(८)÷लॉग(१÷२) केलं, −३. आणि पडताळा पण दिला, अर्ध्याचा उणे तिसरा घात म्हणजे ८.

निवृत्त मास्तर

तुमच्या जुन्याने लॉग फक्त १ ला चिकटवला. १ चा लॉग शून्य. शून्याने भागायला गेला आणि एरर. जुन्यावर सुद्धा लॉग, कंस उघडा, १ ÷ २, कंस बंद असं लिहावं लागतं. आणि यातच कळतं की १ हा बेस का चालत नाही. पोत्याचं वजनच शून्य असेल तर गाडीत किती पोती हे काय सांगणार?

मुलगी हुशार आहे. उदाहरण मुद्दाम निवडलंय तिने.

विश्रामबागवाला

कंस घातला, जुन्यावर पण −३ आले. रबर लावून परत कपाटात ठेवलाय.

भडंग

पण सेल बदलून बघितला का?